जपानच्या खाऊगल्लीत या चुका टाळा

चालता चालता खाणं ही आपल्या लोकांकडून होणारी पहिली चूक. भेळेचा पुडा हातात धरून फिरायची आपली सवय इतकी जुनी की ध्यानातच येत नाही. जपानमध्ये घेतलेला पदार्थ शक्यतो त्याच दुकानासमोर उभं राहून संपवायचा असतो. क्योतोचा निशिकी बाजार इतका अरुंद आहे की हातातल्या काडीचा सॉस सहज दुसऱ्याच्या कपड्यांना लागतो. कामाकुरा शहराने २०१९ मध्ये याबद्दल नियमच केला. त्यात दंड नाही, पण दंड नाही म्हणून मोडायचा का? मला ते पटत नाही.

कचराकुंडी शोधत हिंडू नका. १९९५ मध्ये टोकियो मेट्रोत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कुंड्या खूप कमी झाल्या. रिकामी डिश आणि काडी जिथून घेतली तिथेच परत द्या. शेजारच्या दुकानाच्या डब्यात टाकू नका. मी तर पिशवी जवळच ठेवतो.

ओसाकाचे ताकोयाकी बघताच आप्पे आठवतात, आणि शाकाहारी माणूस इथेच फसतो. आतला ऑक्टोपस वगळायला सांगून भागत नाही, कारण पीठ सहसा दाशीत, म्हणजे माशाच्या अर्कात भिजवलेलं असतं. वर वाफेने थरथरणारा कागदासारखा पातळ कीस असतो, तोही सुकवलेल्या माशाचा. शाकाहाऱ्यांनी थंडीत मिळणारं याकी-इमो, म्हणजे भाजलेलं रताळं, बिनधास्त खावं. मासे खाणाऱ्यांनीही ताकोयाकी अख्खा तोंडात टाकू नये. वरून निवलेला वाटला तरी आतलं पीठ पातळ आणि कढत असतं, टाळू पोळते. काडीने भोक पाडा, वाफ जाऊ द्या, मग खा.

कुशिकात्सूचा, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांचा, सॉस सगळ्यांसाठी एकाच भांड्यात असेल, तर काडी एकदाच बुडवायची. उष्टी काडी पुन्हा बुडवणं तिथे अजिबात खपत नाही.

घासाघीस करू नका आणि टीप ठेवू नका. पैसे छोट्या तबकात ठेवायचे. तबक असताना पैसे दुकानदाराच्या हातात कोंबू नयेत.

फुकुओकाच्या याताईत, म्हणजे रात्री लागणाऱ्या गाड्यांवर, जेमतेम आठ-दहा जणांची जागा असते. तिथे माणशी निदान एक पदार्थ मागवा, आणि स्वच्छतागृहात आधीच जाऊन या, कारण गाड्यावर ती सोय नसते. खाणं झाल्यावर गप्पा मारत बसू नका. मागे कुणी ताटकळत उभं दिसलं की लगेच बिल मागा.