खेळाडूचा कोच होताना: हुकमी चाल आधी बाजूला ठेवा

खेळणं थांबवून शिट्टी हातात घेणाऱ्यांनी बास्केटबॉलमधल्या ज्यो लॅपचिकची कारकीर्द नीट पाहावी. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सचा, साडेसहा फुटांना इंचभर कमी, कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा सेंटर, म्हणजे मधला उंच खेळाडू, १९२३ मध्ये ओरिजिनल सेल्टिक्स या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघात आला. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मधल्या वर्तुळात उडवत, आणि उडी जिंकणाऱ्याच्या संघाला ताबा मिळे. लॅपचिकचं नाव त्या उडीवर झालं. १९३६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचा कोच झाला आणि १९३७-३८ च्या हंगामापासून बास्केटनंतरची ती जंपच बंद झाली.

तुमच्याही हुकमी चालीचं असं होऊ शकतं. पण खरा फास दुसराच आहे. चाल दाखवता येते, तिच्या आधीचा निर्णय दाखवता येत नाही. पिव्हट या चालीचंच घ्या, सेल्टिक्सच्या डच डेनर्टमुळे गाजलेला. फ्री थ्रो लाइनजवळ बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, पास घ्यायचा, बाजूने कट मारणाऱ्याला, म्हणजे बास्केटकडे झपकन पळणाऱ्याला, द्यायचा. पोरं पाठ आणि हात हुबेहूब उचलतात. वेळ मात्र चुकते. चेंडू पिव्हटकडे, म्हणजे पाठ करून उभ्या असलेल्याकडे, पोचायच्या आधीच कटर पळतो, डिफेंडर त्याला चिकटून जातो, पास द्यायला कुणी उरत नाही. पिव्हटचा पाय पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात असेल, तर तिथे थांबायची मुभा असलेले तीन सेकंद भरतात. तुम्ही ओरडता, "माझ्यासारखं कर!" पोराला काहीच कळत नाही.

म्हणून आधी डिफेंडर काढा. तिघेच खेळाडू, ड्रिबल बंद. चेंडू पिव्हटच्या दोन्ही हातांत बसल्याशिवाय कट नाही. पेंटमध्ये पाय पडला की पिव्हटने मोठ्याने मोजायचं, दोनला पास सुटलाच पाहिजे. दहातले आठ जमले की डिफेंडर आणा, आधी चालत, मग पळत. चुकलं की थांबवा आणि विचारा, "तुझा डिफेंडर कुठे बघत होता?" उत्तर त्यालाच शोधू द्या. हे फार कंटाळवाणं आहे. दुसरा रस्ता नाही. दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्राने हे येत नाही, आणि नुसते जुने किस्से सांगणाऱ्या गुरूकडूनही नाही.

पहिला हंगाम वाईट गेला तर खचू नका. लॅपचिकने १९४३ मध्ये एनआयटी ही कॉलेज संघांची स्पर्धा जिंकली ती सहा फूट नऊ इंचांच्या हॅरी बॉयकॉफला घेऊन. बॉयकॉफ सैन्यात गेला, तरी १९४४ ची स्पर्धाही सेंट जॉन्सनेच जिंकली. पुढे निक्स या न्यूयॉर्कच्या एनबीए संघाला लॅपचिकने १९५१, १९५२ आणि १९५३ अशी सलग तीन वर्षं फायनलला नेलं. तिन्ही हरला, आणि तरी १९५६ मध्ये सेंट जॉन्सने त्याला परत बोलावलं.