काढा, गुळवेल आणि "नॅचरलच तर आहे": या चुका टाळा

कोविडमध्ये घरोघरी काढ्याचं पातेलं गॅसवर चढलं ते काही घरांत अजून उतरलेलंच नाही. काढ्याला माझा विरोध नाही हां, पण जे चाललंय त्याला आयुर्वेद म्हणवत नाही. १९०७ ला शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला आयुर्वेद महासंमेलन सुरू केलं, वैद्यकी नीट शिकवली जावी म्हणून, २०१४ ला तर आयुष मंत्रालयच वेगळं झालं, आणि आपण औषध घेतोय ते व्हॉट्सअ‍ॅप वाचून!

पहिली चूक म्हणजे सगळंच उकळणं. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी स्वरस (ताजा रस), कल्क (वाटलेला गोळा), काढा, हिम, फांट असे पाच प्रकार दिलेत ते उगाच नाही. काढ्याला एक भाग भरड, सोळा भाग पाणी, झाकण न ठेवता मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. धणे मात्र रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे, तो हिम. तुळशीसारख्या वासाच्या वनस्पतीवर नुसतं गरम पाणी ओतून झाकून ठेवलं तरी पुरे, तो फांट, खळखळा उकळलं की वास स्वयंपाकघरात आणि कपात कडू पाणी. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांचं असंच अडलं होतं, उकळून मलेरियावर गुण येईना, मग जुन्या पोथीत वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं वाचलं, कमी तापमानाला अर्क काढला आणि २०१५ ला नोबेल.

दुसरी चूक, वेल न ओळखता तोडणं. गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं दिसतं, आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी असते. खोडावर गाठी-गाठी, फोड असतील तर ती दुसरी असू शकते, सोडून द्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, मंत्रालय म्हणालं वेल दुसरी असेल, पण पुढे इतर शहरांतूनही अशा केसेस आल्या. म्हणून "इम्युनिटी"साठी महिनोन्‌महिने पिऊ नका, आणि ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय अजिबातच नाही. लघवी गडद, डोळे पिवळे, जेवण नकोसं वाटतंय? काढा त्याच दिवशी बंद, लिव्हरची टेस्ट करा.

बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. सर्पगंधा उलट बीपी खाली आणते, रिझर्पीन हे बीपीचं औषध त्यातलंच, तेव्हा बीपीच्या गोळीवर ती मनाने घेऊ नका. बिनलेबलची भस्मं तर नकोच, २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आणि ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं सांगा, लसणाच्या कॅप्सूलसकट, "ते औषध थोडंच आहे" म्हणून गाळू नका.