घरात वाढवलेली मिरची-वांग्याची रोपं बाहेर लावताना या चुका टाळा

मार्चमध्ये खिडकीशी किंवा एलईडी दिव्याखाली रुजवलेली मिरची, वांगी, टोमॅटो एप्रिलअखेर ट्रेमध्ये तरारलेली असतात. न्यू जर्सी असो की लंडन, पहिला उबदार शनिवार उजाडला की सगळा ट्रे उचलून वाफ्यात जातो. आणि सोमवारी पानं पांढरी, शेंडे खाली. अशा वेळी माणसं बियाण्याला नाहीतर मातीला दोष देतात. खरं कारण बहुतेकदा एकच असतं: आपण दुपारची हवा पाहून रोपं लावली, रोपाला मात्र रात्र आणि माती सोसायची होती.

थेट उन्हात ठेवणं

सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात. काचेतून ऊन येतं, पण त्यातले यूव्ही-बी, म्हणजे एक प्रकारचे अतिनील किरण, बहुतांशी काचेतच अडतात. वारा तर घरात नसतोच. त्यामुळे पानावरचा मेणचट थर पातळ राहतो आणि खोड काटकुळं होतं. असं रोप मेच्या दुपारी उघड्यावर ठेवलं की पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधे, कागदासारखे पांढरट सुके चट्टे पडतात. हा रोग नाही, पान भाजलेलं आहे. औषध फवारून काही होत नाही आणि तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. शेंडा हिरवा असेल तर रोप वाचतं. भाजलेली पानंही नवीन चार-पाच पानं येईपर्यंत ठेवा, उरलेल्या हिरव्या भागावर रोपाचं पोट चालतं.

उपाय म्हणजे रोपं आठ-दहा दिवसांत हळूहळू कणखर करणं. पहिले दोन दिवस भिंतीच्या आडोशाला, पूर्ण सावलीत, दीड-दोन तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासभर सकाळचं कोवळं ऊन, मग सावली. पाचव्यापासून रोज तास-दीड तास ऊन वाढवायचं, आठव्या दिवशी दिवसभर बाहेर. शेवटच्या दोन रात्री, पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणार नसेल तरच, रोपं बाहेर राहू द्या. या दिवसांत खत नको, त्याने कोवळी वाढ फुटते आणि तीच आधी करपते. पाणी मात्र सकाळी आणि दुपारी, दोनदा बोट घालून बघा. ट्रेचे छोटे कप्पे वाऱ्याने काही तासांत खडखडीत होतात.

माती गार असताना लावणं

हवा २२ अंश झाली तरी वाफ्यातली माती १२ अंशांवर असू शकते. दहा सेंटीमीटर खोल थर्मामीटर खुपसून सलग तीन-चार दिवस सकाळी मोजा. टोमॅटोला निदान १५ अंश हवेत, मिरची-वांग्याला १८. दुधी, कारलं, दोडका यांनाही १८ च्या वर माती लागते. गार मातीत मिरची मरत नाही, पण जागच्या जागी थिजते. हा ताण इतका मुरतो की दोन आठवडे उशिरा लावलेलं रोप तिला सहज गाठतं. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली तर लगेच फॉस्फरसचं खत टाकू नका. बऱ्याचदा फॉस्फरस मातीत असतोच, गारठलेली मुळं तो उचलत नाहीत. माती तापली की नवी पानं हिरवी येतात.

गारठ्यात पाणी देण्याचीही चूक होते. रोप सुकलेलं दिसलं की आपला हात झारीकडे जातो. आधी माती बघा. दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहत असेल तर काळजी नको. सकाळीही मान खाली आणि माती ओली, तर मुळं गारठलीत किंवा कुजू लागलीत. तिथे पाणी थांबवायचं.

अंदाजातला ४ अंशांचा आकडा सुरक्षित मानणं

हवामान अंदाजातलं तापमान जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवरचं असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून काही अंश कमी भरतं, म्हणून अंदाज ४ अंशांचा असूनही पानावर दव गोठू शकतं. जर्मनीत ११ ते १५ मे या गारठ्याच्या दिवसांना ‘आइसहायलिगे’ म्हणतात आणि तिथले जुने बागकाम करणारे टोमॅटो त्यानंतरच लावतात. हा संयम आपणही घ्यावा असाच आहे. अशी रात्र येणार असेल तर सूर्यास्ताआधीच जुनी चादर किंवा बागेचं फ्लीस (रोपांवर घालायचं हलकं, झिरझिरीत कापड) थेट जमिनीपर्यंत पांघरा, म्हणजे मातीची ऊब आत राहते. प्लास्टिक पानाला टेकू देऊ नका. सकाळी ऊन आल्यावर पांघरूण काढायचंच, नाहीतर रोपं आत शिजतात.

लावतानाच्या बारीक चुका

टोमॅटो खालची पानं काढून खोल पुरला तरी चालतो, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. लांबुडकं झालेलं रोप तर आडवं पुरावं. वांगी आणि मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर लावा. मुळं गोल गुंडाळली असतील तर तळाची गुंडाळी बोटांनी थोडी मोकळी करा. वेलवर्गीयांच्या मुळांना हात लावू नका. पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या शेवाळाच्या) कुंडीसकट लावत असाल तर तिचा काठ मातीवर अजिबात डोकावता कामा नये. वर राहिलेला काठ वातीसारखा पाणी ओढून बाहेर सोडतो आणि आत मूळ कोरडं पडतं. काठ फाडून टाका.

लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, ट्रेला तासभर आधी पाणी घालून. मिरचीला कळ्या आल्या असतील तर खुडा, जीव होत नसला तरी खुडा. आधी मूळ धरू दे.

सकाळी एखादं रोप जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखं आडवं दिसलं तर भोवतीची माती दोन-तीन सेंटीमीटर उकरा. करड्या रंगाची, गोल वळलेली अळी सापडेल. तिला काढून टाका आणि उरलेल्या प्रत्येक रोपाच्या खोडाभोवती पुठ्ठ्याचं कडं बसवा: तीन सेंटीमीटर मातीत, पाच वर. ब्रिटनमध्ये मात्र पानांना भोकं आणि शेजारी चकचकीत ओघळ दिसले तर ती गोगलगाय, तिला हे कडं अडवत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचावी लागते.