जलपरीची शेपटी ओली दिसत नाही? या चुका टाळा

शेपटी शिवायला घेण्याआधी एकदा सकाळी मासळी बाजारात जाऊन या. ताजा बांगडा हातात घ्या. पाठ निळसर-हिरवी, जवळजवळ काळपट, तिच्यावर लांबीच्या दिशेने गडद रेघा आणि खाली रुपेरी पोट. तो दिव्याखाली हळूहळू फिरवा. उजेड ठिपक्याठिपक्यांनी लुकलुकत नाही, पाठीवरून एक लांब, सलग रेघ सरकत जाते. ओलेपणा डोळ्यांना कळतो तो या रेघेमुळे.

बालनाट्यांसाठी आणि शाळांच्या गॅदरिंगसाठी मी पोशाख शिवते. जलपरीची शेपटी करून फसलेले पालक भेटतात, तेव्हा बहुतेकांची पहिली चूक एकच असते: चमकी. शेपटी चमकायला हवी म्हणून टिकल्या लावतात, वर ग्लिटर भुरभुरवतात. टिकलीचं काम उजेड तुकड्यातुकड्यांनी फेकायचं. त्यामुळे शेपटी सणासुदीच्या साडीसारखी झगमगते, पण कोरडीच दिसते. ओलं दिसायला पृष्ठभाग गुळगुळीत आणि सलग हवा. टिकल्या हव्याच असतील तर कमरेच्या काठाला थोड्या लावा, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर नकोत.

दुसरी चूक रंगाची. कापड भिजलं की गडद होतं हे आपण रोज धुणं धुताना बघतो. धाग्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, उजेड कमी विखुरतो आणि रंग खोल दिसतो. म्हणून फिक्या आकाशी किंवा पोपटी लायक्रावर (अंगाला घट्ट बसणारं ताणाचं कापड) कितीही चकाकी चढवली तरी ती प्लॅस्टिकचं आवरण घातल्यासारखी दिसते. कापड घेताना मनातल्या रंगापेक्षा दोन छटा गडद घ्या. खवल्यांची छपाई असलेला, चारही बाजूंनी ताणला जाणारा लायक्रा मिळाला तर उत्तमच. मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या कापडबाजारात फिरलात तर असं कापड सापडतं. ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, दारापाशी आणून उन्हात तिरकं धरून बघा.

आता खरा घोळ होतो तो वरच्या थराचा. घरात जे असेल ते लोक लावून बघतात: पांढरा फेविकॉल, नेलपॉलिश, लाकडाचं वार्निश, लॅकरचा स्प्रे. पहिल्या दिवशी शेपटी सुंदर दिसते. मूल ती घालून बसलं की गुडघ्यापाशी तडे जातात, कारण कापड ताणतं आणि थर ताणत नाही. पांढरा गोंद पाण्याने किंवा घामाने पुन्हा दुधाळ होतो. लॅकरचा स्प्रे तर पावसाळ्यात मारूच नका. दमट हवेत त्याच्यावर पांढुरकी झाक येते आणि सगळी चमक जाते.

लायक्राबरोबर ताणलं जाणारं आणि कायम ओलं दिसणारं, सहज मिळणारं साहित्य म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट, काचा आणि सिंक बसवायला वापरतात ते. नळीवर ‘सिलिकॉन’ लिहिलेलं बघूनच घ्या. ॲक्रिलिक सीलंट दिसायला तसंच असतं, पण ते वेगळं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चालतं, मात्र त्यातून निघणारं आम्ल पितळ आणि जस्त खातं. म्हणून शेपटीला धातूची चेन लावू नका, नायलॉनची लावा.

सीलंट नळीतून थेट फासणं ही माझी स्वतःची चूक. एका नाटकासाठी घाईत जाड थर दिला. वरून साय धरली, आत दोन दिवस ओलं राहिलं आणि मध्ये बुडबुडे अडकले. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, 24 तासांत साधारण 2 ते 3 मिलिमीटर. त्यामुळे थर पातळच हवा. छोट्या डब्यात सीलंट आणि मिनरल टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायला वापरतात ते) सम प्रमाणात घेऊन पातळ दह्यासारखं होईपर्यंत घोटा, गुठळी राहू देऊ नका. हे काम गच्चीत किंवा खिडक्या सताड उघड्या ठेवून करायचं. जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही नको, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा.

लावताना शेपटी ताणलेली असली पाहिजे. सैल कापडावर थर दिला तर घातल्यावर तो ओढला जातो आणि सुरकुत्यांच्या जागी चमक तुटते. जुनी गोधडी मुलाच्या पायांच्या जाडीइतकी गुंडाळा, वर प्लॅस्टिकचा कागद लपेटा (सिलिकॉन त्याला चिकटत नाही) आणि त्यावर शेपटी चढवा. मऊ स्पंजने कमरेकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढत जा. थर धरायला लागला की पुन्हा हात लावायचा मोह आवरा. अर्धवट साय धरलेल्या जागी स्पंज फिरला की दाणे उठतात आणि ती सलग रेघ तिथेच तुटते. दुसरा थर दुसऱ्या दिवशी. दोन थर पुरतात, तीन म्हणजे खूप झाले.

बाथरूममध्ये सीलंट गुळगुळीत करायला कारागीर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवतात. इथे ते करू नका. साबणाचा पापुद्रा राहिला तर पुढचा थर धरत नाही, सालपट निघतं.

रंगाचे पट्टे वरून ॲक्रिलिकने काढायचा बेतही फसतो. सुकलेल्या सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय जवळपास काहीच चिकटत नाही. पट्टे हवे असतील तर पातळ केलेल्या सीलंटमध्येच चित्रकलेचा तैलरंग चिमूटभर कालवा किंवा अभ्रकाची मोतिया पूड घाला, ते पट्टे काढा आणि वर शुद्ध पारदर्शक थर द्या. पाठीकडे गडद आणि पोटाकडे फिकं ठेवलंत तर बांगड्याची आठवण होईल. हा पारदर्शक थर चुकवू नका, रंगाला खोली त्यानेच येते.

शेपटी हाताला किंचित चिकट लागते म्हणून कुणी तिला टाल्कम पावडर लावतं. चिकटपणा जातो, त्याबरोबर ओलेपणाही जातो. धूळ बसली तर कोमट साबणपाण्याने पुसा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, सावलीत सुकवा. फोटो काढायच्या आधी एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग पाणी फवाऱ्याने हलकं मारलं तर थेंब टिकून राहतात. रंगमंचावर मात्र हे करू नका, फरशी निसरडी होते.

मागची बाजू, म्हणजे बसायची जागा आणि गुडघ्यांची लवण, सिलिकॉनशिवायच ठेवा. कापडाला श्वास घेता येतो आणि मूल घामाने वैतागत नाही. पूर्ण झालेली शेपटी वास जाईपर्यंत निदान तीन दिवस हवेशीर ठेवून मगच मुलाला घाला. आणि ही शेपटी घालून मुलाला तलावात, समुद्रात किंवा फुगवायच्या टबातसुद्धा सोडू नका. दोन्ही पाय बांधलेले असतात, तोल गेला तर उभं राहता येत नाही.

राहिला उजेड. समोरून फ्लॅश मारला की सगळी शेपटी सपाट दिसते. दिवा एका बाजूला, जरा उंचावर ठेवा आणि मुलाला किंचित वळायला सांगा. शेपटीवरून ती लांब रेघ सरकली की फोटो घ्या.