पित्ताशयाचा नमुना : टेबलापासून स्लाइडपर्यंत या चुका टाळा

पित्तखड्यांसाठी काढलेले पित्ताशय हा पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत येणाऱ्या सर्वांत नेहमीच्या नमुन्यांपैकी एक आहे, आणि रोजचाच म्हणून त्याच्याकडे लक्षही कमी दिले जाते. बहुतेक रिपोर्टांवर ‘दीर्घकालीन पित्ताशयदाह’ एवढेच लिहिले जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र शस्त्रक्रियेआधी कोणाच्याही मनात नसलेला पित्ताशयाचा कर्करोग अनेकदा याच साध्या नमुन्यात प्रथम सापडतो. उत्तर प्रदेश, बिहार आणि आसाम या पट्ट्यात या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात ते बरेच कमी असल्यामुळे आपण थोडे निर्धास्त असतो, पण त्या भागातून कामासाठी आलेली असंख्य कुटुंबे आपल्याच रुग्णालयांत उपचार घेतात, हे विसरून चालत नाही.

फॉर्मेलिनआधीचा तास

सर्वांत महागात पडणारी चूक मायक्रोस्कोपखाली होत नाही, ती शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी होते. पित्ताशयाचा रक्तपुरवठा तुटला की आत साचलेले पित्त त्याचेच अस्तर विरघळवू लागते. बंद पित्ताशय तसेच फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकले, तर भिंत ओलांडून फॉर्मेलिन अस्तरापर्यंत पोहोचायला काही तास जातात आणि तोपर्यंत पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

माझ्याकडे एकदा असा नमुना पाण्याच्या अरुंद तोंडाच्या बाटलीतून आला. नातेवाइकांनी तो एप्रिलच्या उन्हात एसटीने आणला होता. फॉर्मेलिन बोटभरच होते आणि तेही हिरवे झालेले. पित्ताशय आत जाताना मऊ होते, पण आता घट्ट झाल्यामुळे बाहेर निघेना, म्हणून बाटलीच कापावी लागली. उघडल्यावर आतले अस्तर ओल्या राखेसारखे बोटाला लागून आले. चार ब्लॉक (स्लाइडसाठी मेणात बसवलेले तुकडे) घेतले, तरी पृष्ठभागावर पेशींच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या. स्नायूत खोल शिरलेल्या एका खळग्यात मात्र काही पेशी टिकल्या होत्या आणि त्यांची केंद्रके मोठी, गडद व एकमेकांवर चढलेली होती. वर काय होते, ते सांगायला अस्तरच शिल्लक नव्हते. ‘मूल्यमापन शक्य नाही’ हे शब्द लिहिताना जी चुटपुट लागली, ती अजून गेलेली नाही.

हे टाळणे सोपे आहे. गाठीची शंका नसेल, तर यकृताच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावरून, तळापासून मानेपर्यंत पित्ताशय उभे उघडावे, पित्त ओतून टाकावे आणि सलाइनने हलकेच धुवावे. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये. नंतर रुंद तोंडाच्या बरणीत, नमुन्याच्या निदान दहापट, जमल्यास वीसपट, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये तो बुडवावा. गाठीची शंका असेल, तर टेबलावर सुरी न लावता अखंड नमुना लगेच प्रयोगशाळेत पाठवावा. खडे नातेवाइकांना दाखवायला हरकत नाही, पण ते काढण्यासाठी पित्ताशय वाटेल तिथे चिरले, की नंतर कोणती कड खरी आणि कोणती सुरीने झालेली, हे ठरवता येत नाही.

ग्रॉसिंग करताना

ग्रॉसिंग म्हणजे नमुना डोळ्यांनी तपासून त्यातून स्लाइडसाठी तुकडे घेणे. त्यात सिस्टिक नलिकेच्या, म्हणजे पित्ताशयाला पित्तनलिकेशी जोडणाऱ्या नळीच्या, कडेचा तुकडा आधी घ्यावा. क्लिप काढून नमुना उघडल्यावर ती नलिका आक्रसते आणि मग सापडत नाही. तिच्याशेजारची लसिकाग्रंथीही शोधावी. त्यानंतर चांगल्या उजेडात संपूर्ण अस्तर पाहावे आणि बोटांनी चाचपावे, कारण सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा गाठीसारखा दिसत नाही. थोडासा खडबडीतपणा किंवा भिंतीचा एखादा घट्ट पट्टा एवढीच त्याची खूण असते. संशय येताच यकृताकडील पृष्ठभागावर शाई लावावी.

तळ, मध्यभाग आणि मान यांचा एकेक तुकडा व सिस्टिक नलिकेची कड हा किमान नियम आहे. तेवढ्यावर थांबण्याची मुभा पहिल्या स्लाइड निर्दोष असेपर्यंतच असते. त्यांत उच्च श्रेणीचा डिस्प्लेझिया (पेशींतील कर्करोगपूर्व बदल) आढळला, तर बरणीकडे परत जाऊन उरलेले पित्ताशय संपूर्ण ब्लॉकमध्ये घालावे लागते. त्यामुळे रिपोर्ट सही होऊन बाहेर जाण्याआधी शिल्लक ऊती फेकून देणे ही अक्षम्य चूक आहे.

मायक्रोस्कोपखालील फसवे शेजारी

पित्ताशयाची रचना आतड्यासारखी नसते. त्याला सबम्युकोझाचा (अस्तर आणि स्नायू यांच्यामधला) थर नसतो, अस्तराखालच्या सैल ऊतीनंतर थेट स्नायू लागतो आणि यकृताकडील बाजूस सेरोसाही (बाहेरचे गुळगुळीत आवरण) नसतो. त्यामुळे अगदी थोड्या अंतरात रोगाची पायरी बदलते. कर्करोग अस्तराखालच्या ऊतीपुरता असेल, तर तो टी-१-ए ठरतो (‘टी’ म्हणजे गाठ किती खोल गेली याची पायरी) आणि कड मोकळी असल्यास झालेली शस्त्रक्रिया सहसा पुरेशी मानली जाते. तो स्नायूत शिरला की टी-१-बी होतो आणि यकृताचा लगतचा भाग व लसिकाग्रंथी काढण्याची दुसरी मोठी शस्त्रक्रिया साधारणपणे सुचवली जाते.

नेमक्या याच जागी रोकिटान्स्की-ॲशॉफ सायनस फसवतात. अस्तर स्नायूत खोल शिरून बनलेले हे खळगे निरुपद्रवी असतात. पृष्ठभागावरचा डिस्प्लेझिया त्यांच्यात उतरला, तरी त्याला आक्रमण म्हणता येत नाही. खळग्याचा पृष्ठभागाशी असलेला दुवा दिसतो का, त्याची दिशा भिंतीला काटकोनात आहे का आणि भोवतीच्या ऊतीत नव्या तंतूंची प्रतिक्रिया उमटली आहे का, हे पाहावे. तुकडा तिरका कापला गेला असेल, तर तो दुवा दिसतच नाही. अशा वेळी निष्कर्षाची घाई न करता ब्लॉक पुन्हा नीट बसवून खोलवरचे सेक्शन कापून घ्यावेत. यकृताच्या बाजूला सापडणाऱ्या लुश्काच्या नलिकाही (बारीक, निरुपद्रवी पित्तनलिका) ग्रंथीकर्करोगासारख्या वाटतात, पण त्या लहान व एकसारख्या असतात आणि त्यांच्याभोवती तंतूंची कॉलरसारखी कड असते. आणखी एक सापळा नव्या निवासी डॉक्टरांना आवर्जून दाखवावा असा आहे: ॲडिनोमायोमॅटस हायपरप्लेझियात (भिंतीतील ग्रंथी व स्नायूंची साधी वाढ) निरुपद्रवी ग्रंथी चेतातंतूला बिलगलेल्या दिसू शकतात, म्हणून तेवढ्या एका चित्रावरून कर्करोग म्हणू नये.

उलट दिशेची चूकही होते. झँथोग्रॅन्युलोमॅटस दाहात भिंत जाड, पिवळसर आणि यकृताला चिकटलेली असते आणि सर्जनला तो कर्करोगच वाटतो. फेसाळ मॅक्रोफेज (चरबी गिळलेल्या दाहपेशी) दिसले, की आपण निःश्वास सोडतो आणि पुढे पाहत नाही. पण या दाहाच्या सोबतीला कर्करोगही असू शकतो, म्हणून अशा नमुन्यातून नेहमीपेक्षा जास्त ब्लॉक घ्यावेत.

टी-२ रोगात, म्हणजे कर्करोग स्नायू ओलांडून पलीकडच्या ऊतीत गेला असता, गाठ कोणत्या बाजूला आहे, हे रिपोर्टमध्ये न लिहिणे हीही मोठी उणीव आहे. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या आठव्या आवृत्तीत पेरिटोनियमकडील (पोटाच्या पोकळीकडच्या मोकळ्या बाजूची) गाठ टी-२-ए आणि यकृताकडील गाठ टी-२-बी अशी विभागणी आहे, आणि यकृताकडील गाठींचा परिणाम अधिक वाईट असतो.

पित्तनलिकेचा इवलासा तुकडा

पित्तनलिकेच्या बायॉप्सीत ऊती इतकी थोडी मिळते, की विनंतीपत्रावरची माहिती जवळजवळ स्लाइडइतकीच मोलाची ठरते. स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) बसवलेल्या नलिकेतील पेशी दाहामुळे भयंकर दिसू शकतात, म्हणून स्टेंट कधी बसवला हे सर्जनने लिहावे आणि लिहिले नसेल, तर पॅथॉलॉजिस्टने फोन करून विचारावे. नलिकेच्या भिंतीतील स्वाभाविक ग्रंथी घोळक्याने असतात. कर्करोगाच्या ग्रंथी वेड्यावाकड्या विखुरतात आणि एकाच ग्रंथीत शेजारच्या केंद्रकांचे आकार चारपटीपर्यंत बदलतात. ब्रश सायटॉलॉजीत (ब्रशने खरवडलेल्या पेशींच्या तपासणीत) काही सापडले नाही म्हणून कर्करोग नाही, असे समजू नये, कारण या तपासणीतून बरेच रोगी निसटतात. आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित, स्टिरॉइडने शमणारा दाहही कर्करोगासारखा भासतो; त्यात चक्राकार तंतुजाल आणि बुजलेल्या शिरा शोधाव्यात. बायॉप्सीत एका हाय-पॉवर क्षेत्रात (मोठ्या भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात) आयजीजी-४ बनवणाऱ्या पेशी दहाहून अधिक आणि एकूण आयजीजी पेशींच्या ४० टक्क्यांहून अधिक असाव्या लागतात. पण अशा पेशी कर्करोगाच्या आसपासही जमतात. म्हणून निव्वळ मोजणीच्या बळावर स्टिरॉइड सुरू करण्यास हिरवा कंदील देण्याआधी त्याच बायॉप्सीचे खोलवरचे सेक्शन पुन्हा एकदा पाहावेत.