हौशी आकाशनिरीक्षकाने सॉफ्टवेअर कसे निवडावे: मोफत कोठवर पुरते आणि पैसे कधी मोजावेत

नवी दुर्बीण घेतलेला माणूस आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हटकून विचारतो, की सॉफ्टवेअर कोणते घ्यावे. याला एका नावाचे उत्तर देता येत नाही, कारण हौशी निरीक्षकाची कामे निरनिराळी असतात: आज रात्री कोठे काय दिसेल ते ठरवणे, दुर्बीण आणि कॅमेरा चालवणे, टिपलेल्या फ्रेम एकत्र रचणे, म्हणजे स्टॅकिंग, आणि शेवटी त्या प्रतिमेवर संस्कार करणे. माझ्या अनुभवात पहिली तीन कामे मोफत सॉफ्टवेअरवर उत्तम निभावतात. चौथ्या कामासाठी पैसे मोजण्यात कधी कधी अर्थ असतो, पण तोही आपण नेमके कोठे अडतो हे स्वतःच्या हातांनी कळल्यानंतरच.

निवड करण्याआधी ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक ध्यानात घ्यावा. आकाशाचा नकाशा दाखवणारी स्टेलेरियम व के-स्टार्स, छायाचित्रे रचणारे सिरिल, आणि दुर्बीण-कॅमेरा चालवायला मदत करणारी निना व पीएचडी-२ ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांची मूळ संहिता सर्वांना खुली आहे, त्यामुळे मूळ लेखकाने काम थांबवले तरी दुसरा कोणी ते पुढे नेऊ शकतो. ग्रहांच्या चित्रफितींसाठी वापरले जाणारे रेजिस्टॅक्स मोफत आहे, पण मुक्त नाही; त्याची ६वी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि तेव्हापासून ते जवळजवळ तेथेच थांबले आहे. याउलट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढलेले वर्ल्डवाइड टेलिस्कोप हे आकाश दाखवणारे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये मुक्त करण्यात आले, म्हणूनच ते पुढे अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या छत्राखाली चालू राहू शकले. आज मोफत मिळणारे साधन दहा वर्षांनीही हाताशी असावे असे वाटत असेल, तर आधी त्याचा परवाना वाचावा.

सुरुवात स्टेलेरियमपासून करावी. फ्रान्सच्या फाबियँ शेरो यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि मूळ संचातच सहा लाखांहून अधिक तारे देते. ते बसवल्यावर लगेच आकाश न्याहाळत बसू नये. आधी एफ-६ ही कळ दाबून आपले ठिकाण अक्षांश-रेखांशांसह भरावे, कारण पहिल्यांदा उघडताना ते इंटरनेटवरून अंदाजाने ठिकाण ठरवते आणि तो अंदाज पुष्कळदा भलत्याच शहराचा निघतो. त्यानंतर कालविभाग साडेपाच तासांचा आहे ना, हे पाहावे. अक्षांश नीट भरला गेला की नाही याची एक सोपी परीक्षा आहे: ध्रुवताऱ्यावर टिचकी मारावी आणि त्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची अंशांतली उंची, वाचावेत. पुण्याचा अक्षांश साडेअठरा आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण तितकाच वर दिसला पाहिजे. तो ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असल्याने तेवढा फरक चालेल. अठराच्या जागी अठ्ठेचाळीस आले, तर आपण अजून पॅरिसमध्येच आहोत असे समजावे.

यानंतर आकाशाच्या मांडणीत प्रकाशप्रदूषणाची पातळी आपल्या जागेप्रमाणे ठेवावी. ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग गच्चीवर निराश होतात. बॉर्टल मोजपट्टीवर १ म्हणजे अत्यंत काळे आकाश आणि ९ म्हणजे महानगराच्या मध्यावरचे. मुंबईकराने ही पातळी ९ वर नेली, की पडद्यावरची आकाशगंगा पुसली जाते, मृगाचे मोजके ठळक तारे उरतात, आणि आज गच्चीवरून काय शोधायचे हे प्रामाणिकपणे कळते.

आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते आणि तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही. स्टेलेरियममध्ये स्वतःचे क्षितिज भरता येते. आपल्या गच्चीवर उभे राहून, फोनमधल्या होकायंत्राने आणि उतारमापकाने, दर दहा-पंधरा अंशांवर समोरची इमारत किती वर येते ते मोजावे आणि दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) व उन्नतांश यांच्या जोड्या साध्या मजकूर-फाइलीत ओळीने लिहाव्यात. ती फाइल क्षितिजरेषा म्हणून जोडली, की शनी शेजारच्या पाण्याच्या टाकीमागून किती वाजता बाहेर येईल हेसुद्धा आधीच समजते. मी हे मोजमाप एका संध्याकाळी केले, तेव्हा दक्षिणेचा जो भाग मी ‘मोकळा’ समजत होतो, तो प्रत्यक्षात बावीस अंशांपर्यंत झाकलेला निघाला.

दुर्बिणीतून वस्तू किती मोठी दिसेल, हे पाहण्यासाठी ऑक्युलर्स नावाचे जोडसाधन चालू करावे आणि आपल्या दुर्बिणीचे व नेत्रिकेचे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचे, आकडे भरावेत. समजा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन प्रकारची दुर्बीण आहे आणि २५ मिलिमीटरची साधी प्लॉसल नेत्रिका आहे. तर वर्धन ४८ पट होते आणि आकाशाचा जेमतेम एक अंशाचा तुकडा दिसतो. कृत्तिका जवळजवळ दोन अंशांवर पसरलेल्या आहेत, त्यामुळे त्या या नेत्रिकेत मावणार नाहीत. नवी नेत्रिका विकत घेण्याआधी तिचे आकडे येथे भरून पाहिले, तर हजारोंची चुकीची खरेदी टळते.

जुन्या, संथ लॅपटॉपवर स्टेलेरियम अडखळत असेल, तर पॅट्रिक शेवाले यांचे कार्ट द्यू सिएल हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्याचे रूप नकाशासारखे साधे आहे, पण निरीक्षणाच्या याद्या आणि छापील तक्ते करायला ते फार उपयोगी पडते. चंद्राच्या विवरांसाठी व्हर्च्युअल मून अॅटलास आहे, तेही मोफत.

या पहिल्या कामासाठी पैसे द्यावे लागतील असे एकच ठिकाण मला दिसते, आणि ते म्हणजे फोन. संगणकावरचे स्टेलेरियम मुक्त आहे, परंतु फोनवरच्या अॅपची ‘प्लस’ आवृत्ती विकत घ्यावी लागते. स्कायसफारी या अॅपच्या वरच्या आवृत्त्याही सशुल्क आहेत. अंधारात एका हाताने वाय-फायवरून दुर्बीण वळवायची असेल किंवा पाहिलेल्या वस्तूंची नोंद तेथल्या तेथे ठेवायची असेल, तर हा खर्च योग्य आहे. दुर्बीण हाताने हलवणाऱ्याला त्याची गरज नाही. संगणकावरच्या महागड्या तारामंडल-सॉफ्टवेअरवर, म्हणजे स्टारी नाइट किंवा द-स्काय यांवर, नवशिक्याने पैसे घालवू नयेत असे मी स्पष्टपणे सांगतो.

दुर्बीण आणि कॅमेरा चालवण्याच्या कामात आपल्या भूगोलाचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात ध्रुवबिंदू क्षितिजापासून पंधरा ते बावीस अंशांच्याच दरम्यान असतो, त्यामुळे इमारत, झाड किंवा डोंगर यांनी तो झाकला जाणे ही नित्याची गोष्ट आहे. माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या आधाराचा, अक्ष ध्रुवाशी जुळवण्याची शार्पकॅप या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सोय लोकप्रिय आहे, पण ती सशुल्क परवान्यातच मिळते आणि तिला ध्रुवाजवळचे आकाश दिसावे लागते. वार्षिक परवाना स्वस्त आहे, हे खरे. तरीही ज्याच्या गच्चीवरून उत्तर दिसतच नाही, त्याला तो घेऊन उपयोग नाही. निनामधले तीन-बिंदूंचे ध्रुवजुळणीचे जोडसाधन आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागात तीन छायाचित्रे घेऊन हेच काम करते, आणि ते मोफत आहे. निना केवळ विंडोजवर चालते. मॅक किंवा लिनक्स असणाऱ्यांनी के-स्टार्समधले एकोस हे साधन वापरावे. ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्याच्या कामाला, म्हणजे गायडिंगला, पीएचडी-२ पुरेसे आहे, आणि त्यातला गायडिंग असिस्टंट पहिल्याच रात्री पाच मिनिटे चालवून त्याच्या सूचना मान्य कराव्यात.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका अमावास्येला मी शहरापासून दूर, मोबाइलची रेंज नसलेल्या माळावर गेलो होतो आणि लॅपटॉपवर विकत घेतलेले एक सॉफ्टवेअर होते. ते उघडताच त्याने परवाना तपासण्यासाठी लॉग-इन मागितले. टेकडीवर चढून रेंज शोधण्यात दीड तास गेला आणि तोवर देवयानी दीर्घिका पश्चिमेला कलली होती. म्हणून कोणतेही सशुल्क सॉफ्टवेअर माळावर नेण्याआधी घरी इंटरनेट बंद करून, संगणक नव्याने सुरू करून ते उघडते का, हे पाहावे. हाच नियम मोफत साधनांनाही लावावा: छायाचित्रावरून आकाशातली जागा ओळखणारे अॅस्टॅप आपली ताऱ्यांची सूची आधी उतरवून घेतलेली नसेल, तर निकामी ठरते, आणि स्टेलेरियममधली उपग्रहांची माहिती जुनी झाली की अंतराळस्थानकाच्या वेळा चुकू लागतात.

स्टॅकिंगचा निर्णय सोपा आहे. चंद्र आणि ग्रहांच्या चित्रफितींसाठी ऑटोस्टॅकर्ट घ्यावे. ते प्रत्येक फ्रेमचा दर्जा ठरवून चांगल्या फ्रेम वर आणते, मग त्यांतल्या वरच्या वीस-पंचवीस टक्केच रचाव्यात. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी सिरिल घ्यावे. त्यात एका फोल्डरमध्ये मूळ छायाचित्रे, डार्क (झाकण लावून घेतलेली छायाचित्रे), फ्लॅट (एकसारख्या उजेडाची छायाचित्रे) आणि बायस (झाकण लावून अत्यंत कमी वेळात घेतलेली छायाचित्रे) असे चार उपफोल्डर करून तयार स्क्रिप्ट चालवली, की रचलेली प्रतिमा मिळते. फ्लॅट घेण्याचा कंटाळा करू नये; शहरी आकाशात काठांचा काळोख आणि धुळीचे डाग त्यांच्याशिवाय जात नाहीत, आणि कितीही महाग सॉफ्टवेअर त्यांची उणीव भरून काढू शकत नाही.

आता प्रतिमेवरच्या संस्कारांकडे वळू, कारण खरी रस्सीखेच येथेच आहे. पिक्सइनसाइट हे या क्षेत्रातले सर्वांत नावाजलेले सशुल्क सॉफ्टवेअर आहे. त्याची किंमत युरोमध्ये असते आणि रुपयांत ती पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. प्रतिमेतला धूसरपणा कमी करणाऱ्या ब्लरएक्सटर्मिनेटरसारखी त्यावर चालणारी जोडसाधने वेगळ्या पैशांची असतात. दुसऱ्या बाजूला सिरिलमधले रंग जुळवण्याचे व प्रतिमा उजळ करण्याचे पर्याय, पार्श्वभूमीचा चढउतार काढणारे ग्रॅक्सपर्ट, तारे वेगळे करणारे स्टारनेट आणि शेवटच्या हातासाठी गिंप हे चित्र-संपादक, हा संच पूर्णपणे मोफत आहे. दोन्हींत फरक आहे, हे मी नाकारत नाही. प्रतिमेतला बारीक गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, आवरणे आणि मुखवटे वापरून (बाकीचा भाग झाकून) नेमक्या भागावर काम करणे पिक्सइनसाइटमध्ये निःसंशय अधिक चांगले होते. पण तो फरक दिसण्याइतकी सामग्री हातात असावी लागते. अर्ध्या तासाच्या एकूण उद्भासनावर (एक्स्पोजरवर) दोन्हींचे निकाल सारखेच दरिद्री येतात.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी. पिक्सइनसाइट ४५ दिवस मोफत वापरायला मिळते, आणि बहुतेक जण ही मुदत नोव्हेंबरात, आकाश मोकळे असताना सुरू करून अर्धी वाया घालवतात. ती जुलैत सुरू करावी. पावसाळ्यात दुर्बीण झाकलेली असते, हिवाळ्यात जमवलेली सामग्री डिस्कवर पडून असते, आणि शिकायला रिकाम्या रात्री मिळतात. निदान तीन तासांच्या उद्भासनाची एक जुनी वस्तू निवडावी, मृगातला तेजोमेघ उत्तम. आधी तिच्यावर सिरिलच्या संचात आपल्या परीने सर्वोत्तम काम करावे, आणि नेमके काय मनासारखे जमले नाही ते कागदावर लिहावे: ताऱ्यांभोवतीची कडी, हिरवट छटा, मधला जळालेला भाग, जे असेल ते. मग त्याच सामग्रीवर पिक्सइनसाइटमध्ये काम करून त्या कागदावरची एक एक ओळ तपासावी. ज्या ओळी खोडल्या गेल्या, त्यांच्यासाठीच आपण पैसे देणार आहोत. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा पाचांपैकी तीन दोष फ्लॅट नीट न घेतल्याचे निघाले आणि ते दोन्हींकडे तसेच राहिले. ती खरेदी मी दोन वर्षे पुढे ढकलली.

शाळा आणि खगोलमंडळांचा हिशेब वेगळा आहे. एका व्यक्तीच्या नावाचा परवाना संगणककक्षातल्या चाळीस यंत्रांवर वापरता येत नाही, आणि क्रॅक केलेली प्रत मुलांसमोर ठेवणे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही. तेथे मुक्त सॉफ्टवेअरच बसवावे, मंडळाच्या वार्षिक खर्चातून त्याच्या विकासकांना थोडी देणगी पाठवावी, आणि कोणी भाषांतर करू शकत असेल तर मराठीतला शब्दसंग्रह सुधारायला हात लावावा.

निवड काहीही असो, मूळ छायाचित्रे आणि रचलेली प्रतिमा फिट्स या खुल्या स्वरूपात जपून ठेवावी. एखाद्याच सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात साठवलेले काम परवाना संपल्यावर उघडेनासे होऊ शकते. फिट्स मात्र वेधशाळांपासून सिरिलपर्यंत सगळीकडे उघडते. बाहेरच्या डिस्कवर वस्तूचे नाव, तारीख, ठिकाण आणि नाभीय अंतर लिहून फोल्डर करावेत आणि त्यांतच त्या रात्रीचे डार्क व फ्लॅटही ठेवावेत, म्हणजे पुढच्या जुलैत परीक्षेसाठी काय घ्यायचे ते शोधावे लागणार नाही.