हाताने केलेलं पोस्टकार्ड: कागद कापण्यापासून टपालपेटीपर्यंत

पोस्टकार्ड पाकिटाविना जातं. थैलीत इतर टपालाखाली दबतं, शिक्क्याचा मार खातं, पावसाळ्यात ओलं होतं आणि शेवटी दाराच्या फटीतून आत सरकवलं जातं. म्हणून चित्र काय काढायचं हे ठरवण्याआधी कार्डाला काय काय सोसायचं आहे याचा विचार करा. कागद, शाई, गोंद आणि तिकीट यांची निवड त्यावरच ठरते.

कागद आणि माप

सरकारी पोस्टकार्ड 14 × 9 सेंमी असतं. घरी करताना हे माप घ्या, नाहीतर ए-6, म्हणजे 14.8 × 10.5 सेंमी. ए-4 कागदाचे चार सारखे भाग केले की ए-6 कार्डं मिळतात, फारसं काही वाया जात नाही. जलरंगाचा 56 × 76 सेंमीचा मोठा ताव घेतला तर त्यातून 25 कार्डं निघतात. चौकोनी, गोल किंवा पानाच्या आकाराची कार्डं सुंदर दिसतात, पण गठ्ठ्यात नीट बसत नाहीत आणि त्यांचे कोपरे दुमडतात. ती पाकिटातच घाला.

जाडी 250 ते 300 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवी. 200च्या खालचं कार्ड मधेच मोडतं. फार जाड पुठ्ठा वाकत नाही, मग त्याला पत्रपेटीच्या फटीतून आत ढकलावं लागतं. 300 जीएसएमचं ए-6 कार्ड साधारण 4.7 ग्रॅम भरतं, म्हणजे वजनाची चिंता नको.

नाशिकला मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत कार्डपेपर सुटा मिळतो. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे लग्नपत्रिका छापणारी प्रेस. कटिंगमधून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या तिथे मागून बघा. शंभरभर कार्डं करायची असतील तर ताव त्यांच्याच कटिंग मशीनवर कापून घ्या, कडा हाताने कधीच इतक्या सरळ येत नाहीत. एकच अट: कागद चकचकीत नको. ग्लॉसी कागदावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि ती शेजारच्या कार्डालाही लागते.

कापण्याआधी कागदाच्या तंतूंची दिशा बघा. ताव आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या घडीच्या रेषेला समांतर तंतू धावतात. ते कार्डाच्या लांब बाजूला समांतर ठेवले तर कार्ड लांबीत ताठ राहतं. कापायला स्टीलची पट्टी आणि नवं पातं वापरा. एकाच दमात जोर लावू नका, त्याच रेघेवरून दोनतीनदा हलका हात फिरवा. पातं बोथट असलं की कडेला लव येते आणि रंग तिथून आत झिरपतो.

आधी मागची बाजू

चित्राच्या नादात ही बाजू राहून जाते, म्हणून तिची आखणी आधी करा. मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. उजव्या वरच्या कोपऱ्यात तिकिटासाठी निदान 3 × 4 सेंमी जागा कोरी सोडा. दोन तिकिटं लावायची असतील तर दुप्पट. खालच्या कडेची दीड सेंमी पट्टीही मोकळी ठेवा. परदेशात टपाल निवडणारी यंत्रं तिथे बारकोड उमटवतात आणि तुमची शेवटची ओळ त्याखाली जाते.

पिनकोडाचे सहा आकडे सुटे आणि मोठे काढा. 1972 साली सुरू झालेल्या या पद्धतीत पहिला आकडा विभाग सांगतो आणि पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा: 422 दिसलं की टपाल नाशिककडे वळतं. 422001 आणि 422101 यांतला एक आकडा चुकला तरी शहरातलं कार्ड नाशिकरोडला फिरून येतं. महाराष्ट्रातल्या पत्त्याला मराठी पुरतं. राज्याबाहेर पाठवताना गाव आणि राज्य हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहा.

लिहायला साधं बॉलपेन उत्तम. जेलपेन आणि फाउंटन पेनची शाई बहुधा पाण्यात विरघळते. कुठल्याही पेनची परीक्षा सोपी आहे: तुकड्यावर एक शब्द लिहा, दहा मिनिटं थांबा, वर पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने पुसा. अक्षर पसरलं तर ते पेन पत्त्याला वापरू नका.

चित्र

जलरंग, पेन आणि शाई, ठसे, चिकटचित्र हे सगळं चालतं. नाही चालत ते तेलकट खडू आणि कोळसा. खडू कधीच पूर्ण वाळत नाही आणि कोळसा फिक्सेटिव्ह (चित्र पक्कं करणारा फवारा) मारूनही थोडा झडतोच. पोस्टर कलर जाड लावला तर कार्ड वाकताच त्याचे पापुद्रे सुटतात, पातळ लावला तरी पाणी लागलं की निघतो. अक्रिलिक पाण्याला टिकतो, पण उन्हाळ्यात तापलेल्या थैलीत त्याचा जाड थर चिकट होतो आणि दोन कार्डं एकमेकांना धरून बसतात. म्हणून अक्रिलिकही पातळच लावा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. तपकिरी कार्डावर वारली चित्र काढायचं असेल तर पांढरं पातळ अक्रिलिक आणि बारीक ब्रश घ्या. तांदळाची पेस्ट भिंतीवर शोभते, कार्डावर ती झडते.

एकाच चित्राची दहावीस कार्डं हवी असतील तर खोडरबराच्या ठशाला तोड नाही. द्राक्षांचा घड तर कोरावाही लागत नाही. पेन्सिलच्या मागचा गोल रबर स्टॅम्प पॅडवर टेकवा आणि कार्डावर दाबा. वरच्या ओळीत पाच ठसे, मग चार, तीन, दोन, एक. प्रत्येक ओळ वरच्या दोन ठशांच्या मधल्या फटीखाली. दर तीन ठशांनंतरच पुन्हा शाई घ्या. पहिला ठसा गडद, दुसरा मध्यम, तिसरा फिका येतो आणि घडाला आपोआप गोलाई मिळते. देठ आणि पान पेनने काढा. पॅड पिगमेंट शाईचं घ्या, कार्यालयातल्या साध्या जांभळ्या पॅडची शाई ओल लागली की फुटते.

रामकुंडाचा घाट किंवा त्र्यंबकचा डोंगर कोरायचा असेल तर मोठा चपटा रबर घ्या. चित्र 2बी पेन्सिलने कागदावर काढून ते रबरावर पालथं घाला आणि नखाने घासा. ते आपोआप उलटं उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं. थेट रबरावर काढलंत तर अक्षरं उलटी छापली जातील. पातं बाहेरच्या बाजूला कलतं धरा म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. सरळ खाली कोरलेली बारीक रेषा थोड्याच ठशांनंतर तुटते.

चिकटचित्रात घोटाळा करतं ते पातळ केलेलं फेविकॉल. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि कार्डाला आपल्या बाजूला ओढतो. कार्ड पापडासारखं वळतं. ग्लू स्टिक वापरा, कडांपर्यंत लावा आणि कोरा कागद मधे ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. तरीही वळलं तर मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा, दोन्हीकडची ओढ सारखी होते. टिकली, मणी, दोरा, बटण यांना उघड्या कार्डावर जागा नाही. शिक्का मारणाऱ्याचा हात अडतो आणि वस्तू वाटेतच गळते.

तिकीट आणि टपाल

सरकारी कार्डावर 50 पैसे आधीच छापलेले असतात. पेनने रेखाटन किंवा ठसे करायला तेही चांगलं, जलरंगाला मात्र कागद पातळ पडतो. घरच्या कार्डाचं माप किंवा जाडी वेगळी असली, वर काही चिकटवलेलं असलं, तर ते पत्र म्हणून मोजलं जाऊ शकतं. 20 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला 5 रुपये लागतात, तेवढं तिकीट लावलं की वाद उरत नाही. तिकीट कमी पडलं तर कार्ड नॉटपेड होतं आणि भुर्दंड घेणाऱ्याला बसतो. भेट म्हणून पाठवलेल्या कार्डाचं असं होऊ देऊ नका. दर बदलतात, खिडकीवर एकदा विचारून घ्या.

तिकीट रंगवलेल्या भागावर चिकटत नाही, म्हणून तो कोपरा कोराच हवा. मागे गोंद असलेलं तिकीट ओलं करून 30 सेकंद दाबून धरा. आपल्याकडे टपाल तिकिटं 1925 साली उभारलेल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, तेव्हा नाशिकच्या कार्डावर चित्राला साजेसं तिकीट निवडायला थोडा वेळ जरूर द्या. मोठ्या टपाल कार्यालयात तिकीटसंग्राहकांसाठी वेगळा काउंटर असतो, तिथे चांगली निवड मिळते.

शक्यतो कार्ड काउंटरवरच द्या आणि शिक्का हाताने, तिकिटाच्या कडेवर मारायला विनंती करा. दुपारी गर्दी ओसरल्यावर गेलात तर कर्मचारी आनंदाने मारून देतात. जून ते सप्टेंबर रस्त्यावरची टपालपेटी टाळा. पावसाळ्यात पत्त्यावर पांढऱ्या मेणबत्तीचा हलका हात फिरवला की अक्षरं वाचतात, पण मेण तिकिटापर्यंत नेऊ नका, त्यावर शिक्का उमटत नाही.

परदेशी कार्डावर देशाचं नाव शेवटच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ओळखीचं कुणी परदेशात नसेल तर 2005 साली सुरू झालेलं पोस्टक्रॉसिंग हे अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करण्याचं संकेतस्थळ आहे. तिथे नाव नोंदवल्यावर एक पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तुमचं कार्ड पोचल्याची नोंद घेणाऱ्याने केली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला जातो. सुरुवातीला एका वेळी पाच कार्डं वाटेवर ठेवता येतात. तो क्रमांक कार्डावर दोन ठिकाणी लिहा: एक तिकिटापासून लांब, एक मजकुराखाली. शिक्क्याने एक झाकला तरी दुसरा वाचता येतो.

टाकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि वहीत तारीख, पिनकोड, कागद आणि शाई लिहून ठेवा. कार्ड मिळालेल्याला त्याच्या हातातल्या कार्डाचा फोटो पाठवायला सांगा. दोन फोटो शेजारी ठेवले की कुठली शाई पसरली आणि कुठला कोपरा सुटला ते कळतं, आणि पुढच्या कार्डाचा कागद त्यावरून निवडता येतो.